अळंबीचा निवाडा

निजामाच्या राज्यात आमचं शिक्षण उर्दूतून झालं. शास्त्राच्या पुस्तकात सजीवांचे दोन भाग होते: नबातात म्हणजे वनस्पती, हैवानात म्हणजे प्राणी. अळंबी नबातातमध्ये होती. पान नाही, फूल नाही, तरी वनस्पतीच. हे मला पाठ होतं.

येरमाळ्याजवळच्या आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग. मांस उंबऱ्याआत येत नसे. वहिनी नवी होती. तिच्या माहेरची माणसंही लिंगायतच, पण वारुळावरची अळंबी खायची. शेतातून येताना तिनं ओटीभर आणली, कांदा-तिखटावर परतली. मी दोनदा मागून घेतली. एवढ्यात आप्पा दुकानातून आले.

"मटण कुठं शिजतंय?"

"अळंबी हाय, मामंजी. वारुळावरची."

"ना पान, ना बी. रातीतून उठती, आन् वास असला. ह्याला झाड म्हणायचं?" आप्पा माझ्याकडं वळले. "तू शिकलेला. सांग, झाड का जीव?"

वहिनीच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. मी एक शब्द बोललो असतो तर आप्पांनी मानला असता. छापील उर्दूपुढं ते मान तुकवत. पण मग विचारलं असतं, तू खाल्लीस का? खरकटं ताट मी पायानं मागं सारलं.

"पुस्तकात न्हाय," म्हणालो.

"माहेरी हाडं चघळून आलीया," आई म्हणाली. चूल मोडून नवी घातली. वहिनीला चूल आणि देवघर बंद झालं. तिच्याकडं शेणकूट आलं, विहिरीचं पाणी आलं.

इथवर भीती होती, असं म्हणता येईल. पुढचं सांगायला माझी निम्मी हयात गेली.

एकदा विहिरीवर आम्ही दोघंच होतो. तिनं विचारलं, "भावजी, खरंच न्हाय का हो पुस्तकात?"

तिथं आप्पा नव्हते. भ्यायचं कुणाला? पण खरं सांगितलं तर 'तवा का न्हाय बोललात' हे आलंच.

"हाय," मी म्हणालो, "नंतर सापडलं. जिवातच धरलंय."

ती घागर तशीच धरून उभी राहिली. "आन् म्या लहानपणापासून खात आले. आता गं बया."

पुढच्या पावसाळ्यात तिच्या माहेरचीही अळंबी बंद झाली. तिनंच आपल्या माहेरच्या आईला बजावलं होतं, "दीर शिकलेले हायेत माझे. त्यांनी पुस्तकात बघितलंय."