पद्माबाईचा हिरवा रंग

कळमनुरीच्या रस्त्यालगत आमचं गाव. गावात पद्माबाईचं घर तेवढं उंचवट्यावर, म्हणून मोबाईलला धड रेंज तिच्याच ओसरीत. कुणाचा फोन आला की माणूस बोलत बोलत तिच्याकडं शिरतो अन् चहा पिऊनच बाहेर पडतो. बसणं म्हणून या बाईला जमत न्हाई. पाहुणी म्हणून लग्नाला गेली तरी पंगतीत वाढायला उभी.

औंदा एका संस्थेनं बायांसाठी हळद पावडरीचा कोर्स काढला. धडे मोबाईलवर बघायचे, शेवटी वसमतला जाऊन यंत्रावर हात बसवायचा अन् परीक्षा द्यायची. पद्माबाई, शेजारची सखुबाई अन् रीता, तिघींनी नावं दिली. मोबाईल तिघींकडं होते, पण धडा लागायचा पद्माबाईच्याच मोबाईलवर. तो भिंतीला टेकवायचा अन् भोवती बसायचं. एकीनं दिवा लावल्यावर दुसरीनं तेल काहून जाळावं?

एक दिवस संस्थेच्या आकांक्षा मॅडमचा फोन आला. कोण धडा उघडतं, किती वेळ बघतं, प्रश्न सोडवतं का, हे तिकडं कॉम्प्युटर टिपायचा अन् नावापुढं रंग लावायचा.

"पद्माताई, तुम्ही हिरव्या. सगळ्यांच्या पुढं. पण सखुबाई अन् रीता लाल आहेत, एकही धडा उघडलेला नाही. त्यांची नावं कापावी लागतील."

फोन स्पीकरवर होता. ऐकून सखुबाईचं तोंड उतरलं. वसमतला जायचं म्हणून तिनं माहेरी सांगूनही ठेवलं होतं.

"मॅडम, तुमच्या मशीननं मोबाईल मोजला, माणसं न्हाई," पद्माबाई म्हणाली. "ह्या दोघी रोज हितंच बसतात. विचारून बघा काय बी."

मॅडमनं व्हिडिओ कॉल लावला. पाकिटावर काय काय छापायचं? रीतानं वजन, तारीख, भाव, परवान्याचा नंबर, समदं सांगितलं. दळताना यंत्र तापलं तर? "थांबवायचं. वास उडतो," सखुबाई म्हणाली.

"पद्माताई, पाकीट कशानं बंद करायचं?"

पद्माबाईनं सखुबाईकडं बघितलं. "सुतळीनं?"

"अहो, धडे तर तुम्हीच सगळ्यांत जास्त बघितलेत."

"लावले मी. बघितले ह्यांनी. मी आपली चुलीपाशी."

"मग प्रश्नांची उत्तरं बरोबर कशी?"

"ती रीता दाबत होती."

मॅडमला हसू आवरेना. "दोघींना हिरवं करते. पण मग तुम्हाला लाल करावं लागेल."

"करा, बराबर हाय. फक्त नाव कापू नका. बघते पयल्यापासून."

तेव्हापासून धडा लागला की रीता दाराच्या अंगाला बसायची, सखुबाई चुलीच्या. पद्माबाई हलली की मोबाईल बंद. "बस खाली. तुह्यापायी पुन्हा मागून लावावं लागून राहिलं." अर्ध्या तासाचा धडा सरता सरंना. एका धड्याला एवढा वेळ काहून लागतो, म्हणून मॅडमचा पुन्हा फोन आला.

वसमतला जायला तिघींची नावं लागली. पद्माबाईचं सगळ्यांत खाली.

"खाली का व्हईना, लागलं ना," बसमध्ये ती म्हणाली.

"परीक्षा राहिली अजून," सखुबाई म्हणाली. "बाहेर काय बघून राहिली? वाळवलेल्या हळदीत ओल किती चालते, सांग."