साइबुआने नाव बदललं

थायलंडातल्या फेचबुरीच्या हमरस्त्यावर गाडा लावून साइबुआ तीसेक वर्षं मोगेंग विकत होती. नारळाचं दूध, अंडी आणि ताडगूळ घालून भाजलेल्या वड्या. तिच्या हातची एक खाल्ली की गिऱ्हाईक पुढच्या दुकानाकडे बघायचंसुद्धा नाही. पण गुडघे पार गेले. दिवसभर उभं राहवेना. अशात सरकारी इस्पितळातून विचारणा आली, रोज वड्या पुरवाल का? घरी बसून करायच्या, गाडी येऊन घेऊन जाणार. साइबुआला वाटलं, देव पावला. अट एवढीच, की माल कंपनीकडूनच घेणार आणि कंपनीचे हिशेब तपासनिसाच्या सहीचे हवेत.

मग कंपनी काढली. कंपनी म्हणजे कोण, तर साइबुआ, नवरा प्रयून आणि नणंद. चूल तीच, कढया त्याच. नवी एकच गोष्ट, नोंगलक नावाची हिशेबनीस पोरगी. पोरगी गोड, पण तोंड उघडलं की पावती मागायची. गुळाची पावती कुठाय, मावशी? आता ताडावर चढणारा म्हातारा पावती कुठून देणार? तर त्याच्या ओळखपत्राची नक्कल आणा, वर त्याची सही आणा. म्हातारा म्हणाला, मी गूळ विकतोय का जमीन? कसंबसं ते जमवलं, तरी कंपनी पहिल्याच वर्षी तोट्यात.

साइबुआ देवळात गेली, थोरल्या भिक्खूंपुढे बसली. त्यांनी जन्मवार विचारला. रविवार. मग म्हणाले, तुझ्या नावाचं पहिलं अक्षरच तुझ्या वाराला वाईट. त्यांनी नवं नाव काढून दिलं, थानिदा. धनाचं नाव. यात नवल काही नाही. तिच्या गल्लीत निम्म्या बायकांनी नावं बदललीत, कुणी लग्न जमेना म्हणून, कुणी पाठदुखीसाठी. साइबुआ तालुक्याच्या कचेरीत जाऊन नाव बदलून आली. हौसेने बँकेतही बदललं. कराच्या कागदांवर थानिदा अशी झोकात सही ठोकली.

फक्त कंपनीच्या नोंदणीत बदलायचं राहिलं. कुणी सांगितलंच नाही.

दुसऱ्या वर्षअखेरीला तपासनिसाने कागद परत पाठवले. नोंगलकने विचारलं, "मावशी, ही थानिदा कोण?"

"मीच की. कंपनीच्या भल्यासाठी बदललं."

"कंपनीला कुठे माहितीये?"

नोंगलकने समजावून सांगितलं, अमुक अर्ज, तमुक दाखला, सभा घेतल्याचा कागद. साइबुआला त्यातलं अर्धं कळलं नाही. रात्रभर कूस बदलत विचार केला आणि सकाळी तिला सोपा मार्ग सुचला. तडक कचेरीत गेली, पुन्हा साइबुआ होऊन आली. येताना वड्यांचं ताट घेऊन नोंगलककडे शिरली.

"घे, मिटवला तुझा घोळ. जुनं नाव परत घेतलं."

नोंगलकने कपाळाला हात लावला. बँक थानिदाची, कर थानिदाने भरलेला, आणि आता थानिदा नावाचं माणूसच उरलं नाही. अशा कागदांवर तपासनीस सही करीना.

"मी जिवंत समोर बसलेय ना गं," साइबुआ रडकुंडीला आली. "त्या माणसाला सांग, येऊन माझं तोंड बघ."

"तोंडावर सही होत नाही, मावशी."

कागदांची जुळवाजुळव होईतो इस्पितळाला हिशेब द्यायची मुदत टळली. वड्यांचं काम दुसऱ्या कुणाला गेलं. साइबुआ पुन्हा वड्यांचं ताट घेऊन आली आणि वैतागून म्हणाली, मग ही कंपनी तरी बंद कर बाई, मला नको. नोंगलकने नियमांचा कागद पुढे सरकवला.

"बंद करायलाही तपासलेले हिशेब लागतात."

साइबुआ हसली नाही, रडलीही नाही. ताटातली एक वडी तिने पोरीच्या हातात कोंबली आणि बाकीच्या विकायला रस्त्यावर गेली.

आता प्रयूनने तिला गाड्यापाशी एक उंच स्टूल ठोकून दिलंय. कागद अजून फिरताहेत. साइबुआ स्टुलावर बसते खरी, पण गिऱ्हाईक थांबलं की गुडघा धरून उठतेच. बसून वाढलेलं तिला आवडत नाही.