कोंबडी वाजली की कीबोर्ड सोडायचा

“चौघेही मुलगेच?” ग्रॅहमने चष्मा कपाळावर चढवून यादी पुन्हा वाचली. “वैश, सोळा जणांत आठ मुली होत्या ना?”

होत्या. त्या आठ जणींना इथवर आणण्यासाठी मी वर्षभर लंडनजवळच्या वॉटफर्डच्या आसपासच्या शाळांत जाऊन घसा कोरडा केला होता. आणि ही यादी मीच तयार केली होती. ग्रॅहम माझा बॉस. वैशाली म्हणायला त्याची जीभ वळत नाही, म्हणून मी वैश.

आमची कंपनी डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवते. मी टेस्टिंग बघते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका पगार घेऊन काढते. हेच काम मी घरी फुकट करते, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. दरवर्षी शाळा संपवलेल्या चार जणांना आम्ही अप्रेंटिस म्हणून घेतो. त्यांना पगारही मिळतो आणि कामही शिकता येतं. कंपनीची ऑफिसं लिस्बन आणि टॅलिनलाही आहेत, आणि तिन्हीकडे रड एकच: मुली येत नाहीत, आल्या तर टिकत नाहीत. यंदा तिन्ही ऑफिसांनी ठरवलं, तरुण मुलींना आणायचंच. वॉटफर्डची जबाबदारी माझ्यावर आली. पुण्यात इंजिनिअरिंगच्या वर्गात आम्ही मुली चौघीच होतो. त्यामुळे या विषयातलं सगळं आपल्याला कळतं, असा माझा ठाम समज होता.

निवडीची पद्धत सोपी होती. चार जणांचा एक गट, असे चार गट. प्रत्येक मेजावर एक लॅपटॉप, एक वही आणि एक बिघडलेला प्रोग्रॅम. दीड तासात बग शोधायचा, म्हणजे नेमकं कुठे चुकलंय ते. प्रत्येक गटाजवळ आमच्यातलं कोणीतरी मार्क द्यायला उभं. मार्कांचा तक्ता मी बनवला होता आणि सगळ्यात जास्त मार्क ‘पुढाकार’ या रकान्याला ठेवले होते. त्या शुक्रवारचा बिघाड असा: ऑक्टोबरमधल्या एका रविवारी रात्रपाळीच्या नर्सच्या फोनसाठी दोन पेशंटना एकच वेळ मिळाली होती. का?

सुरू होण्याआधी चहाच्या वेळी एक मुलगी माझ्याजवळ आली. पिनरची जुई, वय अठरा.

“काकू, तुम्ही मराठी आहात? मी तुमची नाव वाचली, तिथे.” तिने माझ्या गळ्यातल्या पासकडे बोट दाखवलं. मोडकंतोडकं का होईना, मराठी ऐकून मला कोण आनंद झाला! “ही माझी थर्ड असेसमेंट आहे. हा पण गेला तर बाबा म्हणतात इनफ, अकाउंटन्सीची ऑफर घे.”

“तुला नकोय ती?”

“नको ना. मला हेच पाहिजे. पण एव्हरी टाइम सेम फीडबॅक येतो, मोअर कॉन्फिडंट व्हायला पाहिजे. तो कॉन्फिडन्स कुठून आणायची, ते कोणी नाही सांगत.”

मी “होईल गं सगळं छान” म्हणाले. काहीच सुचलं नाही की आपण हेच म्हणतो. मग नियमाप्रमाणे तिच्या मेजाचे मार्क द्यायला ग्रॅहमला पाठवलं. ओळखीचा संशय नको.

दुपारी यादी झाली तेव्हा सोळांत जुई पंधरावी होती. नकाराचे मेल पाच वाजता जाणार होते. माझं तोंड कडू झालं, पण मार्क ते मार्क.

मेजं आवरायला गेले आणि रिसायकलिंगसाठी वह्या गोळा केल्या. वही लिहिणाऱ्याने वर आपलं नाव लिहावं, असं मीच सांगितलं होतं. पहिल्या वहीवर ग्रेसचं नाव. दुसऱ्या वहीवर अमीना. तिसऱ्या वहीवर जुई. चौथीवरही मुलगीच. चार मेजं, चार लॅपटॉप, आणि चारही वह्या मुलींकडे!

जुईची वही उघडली. तिने प्रत्येक ओळीपुढे वेळ टाकली होती. दहा वीसला लिहिलं होतं: ‘ऑक्टोबरमध्ये घड्याळ एक तास मागे जातं. त्या रात्री दीड दोनदा वाजतो. आई नर्स आहे, त्या रात्री तिला एक तास जास्त काम असतं. म्हणून दोन पेशंट.’

बग हाच होता: इथे हिवाळ्याच्या तोंडावर सगळ्यांची घड्याळं एक तास मागे करतात, हेच प्रोग्रॅमला माहीत नव्हतं. तिच्या गटाने उत्तर दिलं अकरा वाजून पाच मिनिटांनी, आणि पुढाकाराचे सगळे मार्क टाइप करणाऱ्याला गेले.

वही घेऊन तशीच ग्रॅहमकडे गेले. त्याने वाचलं.

“हो, ती हे काहीतरी म्हणाली होती,” तो हळूच म्हणाला. “मग त्या मुलाने ते टाइप केलं.”

“आणि तू मार्क कोणाला दिलेस?”

“तुझ्या तक्त्याप्रमाणे दिले.”

हे मात्र खरं होतं आणि चांगलंच झोंबलं. माझ्या पहिल्या नोकरीत प्रत्येक मीटिंगच्या नोंदी मीच लिहायचे. ‘तुझं अक्षर किती सुंदर!’ म्हणायचे सगळे, आणि मी त्या कौतुकावर अकरा वर्षं खूश होते. बोलायचे दुसरे, बढती मिळायची दुसऱ्यांना. इतकं सोसून मी तक्ता बनवला, आणि मार्क ठेवले ज्याच्या हातात कीबोर्ड त्याला!

“सोमवारी सोळाही जणांना परत बोलवू,” मी म्हणाले. “नवा बग, नवा तक्ता.”

“निकाल लागल्यावर नियम बदलायचे? त्या चार मुलांवर अन्याय नाही?”

“निकाल अजून कोणालाच कळवलेला नाही. त्यांनाही तीच संधी मिळेल. आणि पुन्हा तेच चौघे आले, तर मी त्यांना स्वतः पेढे भरवीन.”

“पेढे म्हणजे?”

“कोणी का निवडलं जाईना, मंगळवारी तुला कळेल.”

पाचला वीस मिनिटं कमी असताना ग्रॅहमने मेल थांबवले. तो कुरकुरतो खूप, पण माणूस सरळ आहे.

सोमवारी मी स्वयंपाकघरातला टायमर घेऊन गेले. प्लॅस्टिकची पिवळी कोंबडी आहे, मान पिळली की सहा मिनिटांनी केकाटते. नियम एकच: कोंबडी वाजली की कीबोर्ड डावीकडच्याला द्यायचा आणि वही उजवीकडच्याला. आमच्या धंद्यात जोडीने काम करताना टाइप करणाऱ्याला ड्रायव्हर म्हणतात आणि रस्ता सांगणाऱ्याला नेव्हिगेटर. दोघांचं काम सारखंच मोठं, असं आम्ही सगळ्यांना शिकवतो. मार्क देताना तेवढं विसरलो होतो.

यावेळचा बग: जुळ्या भावंडांपैकी एकालाच लस घ्यायच्या आठवणीचा मेसेज जायचा. आडनाव, पत्ता, जन्मतारीख सारखी, म्हणून प्रोग्रॅम दोघांना एकच समजायचा.

कोंबडी पहिल्यांदा केकाटली आणि सगळी खोली हसायला लागली. कॅलम नावाचा मुलगा शुक्रवारी पहिला आला होता. कीबोर्ड गेल्यावर त्याला हातांचं काय करावं कळेना, शेवटी तो हातांवरच बसला. पण मग तो प्रश्न विचारायला लागला, आणि इतके चांगले की मी बघतच राहिले. ग्रेस टाइप करताना मोठ्याने स्वतःशीच भांडत होती. जुईच्या मेजावर यावेळीही ग्रॅहम होता, मी लांबूनच कान टवकारून होते. कीबोर्ड पहिल्यांदा तिच्याकडे आला तेव्हा ती मान खाली घालून टाइप करत राहिली. दुसऱ्या फेरीत कीबोर्ड पुढे गेल्यावर तिचा आवाज आला, “थांब, टाइप नको करू. आधी सांग, हे दोघं वेगळे आहेत हे कॉम्प्युटरला कसं कळणार?” टाइप करणारा थांबला. ग्रॅहम मार्क द्यायचे सोडून तिच्याकडे बघत उभा होता.

नवीन यादीत चार नावं आली: कॅलम, ग्रेस, अमीना आणि जुई.

जुईला फोन मी केला. “काकू, एक मिनिट,” म्हणाली, आणि मग एक किंकाळी. त्यानंतर एका पुरुषाचा आवाज आला. “नमस्कार, मी तिचा बाबा. अहो, ही सोफ्यावर उड्या मारतेय. नक्की झालंय तरी काय?”

मी सांगितलं. मग ते म्हणाले, “थांबा, मीही मारतो.”

त्या आनंदात मी हॅरोहून दोन किलो पेढे आणले. ग्रॅहमने पाच खाल्ले. लिस्बनच्या ऑफिसला मी सगळी हकीकत कळवली, तर त्यांनी उलट टपाली त्यांच्या टायमरचा फोटो पाठवला. त्यांचा कोंबडा आहे, तुरा लालभडक.

सप्टेंबरमध्ये चौघं कामाला लागली. पहिल्याच मीटिंगला ग्रॅहमने सवयीने विचारलं, “नोट्स कोण घेतंय?” आणि सगळ्यांच्या माना जुईकडे वळल्या. माझीसुद्धा!

जुई उठली. तिने तेव्हापासून ऑफिसच्या कपाटावरच राहिलेली कोंबडी काढली, मान पिळली आणि ग्रॅहमच्या पुढ्यात ठेवली. वहीही त्याच्यापुढे सरकवली.

“सहा-सहा मिनिट्स,” ती म्हणाली. “तुमच्यापासून सुरू करूया?”

ग्रॅहमचं अक्षर भयंकर आहे. त्या सहा मिनिटांत काय ठरलं ते अजून कोणालाही वाचता आलेलं नाही.

परीक्षेत कोणी नापास झालं, तर आधी पेपर काढणारीला तपासावं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईला हे कळायला एक कोंबडी लागली, एवढंच.