शेंदराखालचा सिंह

बंदूक घ्यायचं खूळ माझ्या बापाच्या डोक्यात चोरांनी भरवलं. विलायतेत कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि भातकुलीकडून अमरावतीच्या बाजाराला जाणाऱ्या गाड्या वाटेत लुटल्या जात होत्या. आमच्या गाड्यांवर थोरला भाऊ बसायचा. एकदा तो डोकं फुटून घरी आला. आई म्हणाली, "जळो तो कापूस!" बापानं मात्र परतवाड्याचा रस्ता धरला. मामा भोसल्यांच्या फौजेत होता, त्यानं मला बंदूक पारखायला शिकवलं होतं, म्हणून मलाही सोबत घेतलं.

परतवाड्याला पलटणीची छावणी. तिथली चोरीची बंदूक घरात सापडली, की बंडवाला ठरून फास. सत्तावनचं बंड मोडून फार दिवस झाले नव्हते. झाडांना माणसं लटकलेली पाहिली, असं उत्तरेकडून आलेले बैरागी सांगायचे आणि मला झोप लागायची नाही. म्हणून मी बजावलं होतं, घ्यायची तर जुनी, घराण्यातलीच घेऊ.

विकणारा मोठा गोडबोल्या. लाल फडक्यातून बंदूक काढून म्हणाला, आज्याची आहे, दर दसऱ्याला पुजलेली. चापावर शेंदराचा बोटभर थर होता. मी नळी उन्हाकडे धरून आत पाहिलं. कुठे खड्डा नाही. टांगून किल्लीनं वाजवली. खणखणीत बोलली, म्हणजे जोड नाही. दस्ता गालाच्या जागी झिजून गुळगुळीत. जुनी खरीच होती. पण पलटणीची मोहोर असते चापाच्या पट्टीवर, आणि नेमका तिथेच शेंदूर. मी नख लावलं.

बापानं हातावर फटका मारला. "पोट्ट्या, पूजेचा शेंदूर हाय तो! पाप घेतं काय डोक्शावर?"

"बाबा, खालचं पायल्याशिवाय घ्याची नाई, सांगून राहिलो."

"देवाले तपासतं काय तू?" म्हणत बापानं हात जोडले. विकणाऱ्यानंही लगेच जोडले, मेल्यानं! आमच्याकडे शेंदूर लागला की दगडाचा देव होतो. मग पुढे कोण बोलणार? सौदा झाला.

कडब्याच्या पेंढ्यांत लपवून बंदूक घरी आणली. ओल लागू नये म्हणून आईनं ती चुलीजवळच्या खुंटीला टांगली. धगीनं शेंदरातलं तेल सुटलं. सकाळी भाकर खाताना भावानं वर पाहिलं आणि त्याचा घास हातातच राहिला. थर घसरला होता आणि पट्टीवर सरकारी सिंह उभा होता, पंजात मुकुट धरलेला. मी बापावर ओरडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात शेजारच्या दारात घोडा खिंकाळला. तहसिलीचा शिपाई कसल्या तरी चौकशीला आला होता. बाप भावाकडे पाहून म्हणाला, "गाड्याइवर तू बसतं. फास तुह्याच गळ्यात येईन रे." बंदूक धोतरात गुंडाळून तो परसात धावला आणि त्यानं ती विहिरीत सोडली. डुबुक आवाज झाला. मला वाटलं, अख्ख्या गावानं ऐकला.

शिपाई आमच्याही दारात आला. बसला आणि पाणी मागितलं. आईनं त्याच विहिरीतून शेंदलं. बंदुकीला लागू नये म्हणून तिनं बादली वरच्या वरच बुडवली. तो पाणी प्यायला, गोड आहे म्हणाला आणि गेला.

आमच्या त्या खारट पट्ट्यात गोड पाण्याची विहीर म्हणजे नशीब. उन्हाळ्यात पाणी आटलं की गावची माणसं गाळ काढायला यायची. त्या वर्षी बापानं त्यांना हाकलून दिलं, पुढच्याही वर्षी. लोक म्हणाले, कापसाचा पैसा डोक्यात गेला. मी म्हणायचो, रातोरात काढून नदीत टाकू; बाप म्हणायचा, काढताना कोणी पायलं तं? गाळ चढत गेला आणि विहीर बुजत आली.

भाऊ जगला, नातवंडं पाहिली त्यानं. आई मात्र मरेपर्यंत दूरच्या मळ्यातून डोक्यावर घागरी वाहत राहिली. बायका विचारायच्या, घरच्या विहिरीतला गाळ काहून नाई काढत वो? ती म्हणायची, "आमचं पाणी खारं झालं, बाई."