बाबांच्या रेडिओतली लोखंडी पट्टी

मंडळी, दुपारपासून एक लोखंडाची पट्टी हातात घेऊन बसलेय आणि मन कुठल्या कुठे गेलंय.

बाबा धामणगावच्या बाजारात मापारी होते. जन्मभर धान्य मोजलं. रेडिओ घेतानाही त्यांनी दोन हातांत दोन तोलून पाहिले आणि जड तो निवडला. "भारी हाय, म्हंजे माल पक्का हाय."

आज तो बडनेऱ्याहून दुरुस्त करून आणला. मेकॅनिकनं खोलला, तर आत झाकणाला ही पट्टी चिकटवलेली.

"हिचं काईच काम नाई ताई. हातात भारी लागावं म्हनून कंपनीवाले टाकतात."

त्यानं ती काढून दिली, मी पर्समध्ये टाकली. बाबांना सांगायचं नाही, असं ठरवूनच घरी आले.

बाबांनी रेडिओ उचलला, डोळे मिटले. "यातलं काईतरी काढलं त्यानं."

मग मात्र सगळं सांगितलं आणि पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली. रेडिओवर कुणीतरी हळू गात होतं. बाबा कितीतरी वेळ ती पट्टी तोलत राहिले.

"परत बसवून आन," शेवटी म्हणाले. "हलका रेडिओ माह्या हाताले परका वाटते."

उद्या पुन्हा बडनेरा. तुम्ही गेला असता का?