विहिरीचं पाणी आणि तिसरा ड्रायव्हर

नव्वदच्या दशकातली, अमिरातीतल्या अल ऐनची ती दुपार अजून मनातून जात नाही. पोलीस खात्यातून मुदतीआधी निवृत्ती घेऊन मी तिथल्या एका खजुराच्या मळ्यावर सुरक्षा अधिकारी झालो होतो. वर्दी उतरली होती, सवयी उतरल्या नव्हत्या.

खबर दिली म्हाताऱ्या केरळी माळ्याने. "साब, कुएँ का पानी बास मारता है." मळ्यावरचे चाळीस मजूर त्याच विहिरीचं पाणी पीत. मी ते ताबडतोब बंद केलं आणि वरच्या अंगाला, कोरड्या नदीच्या पात्रात जाऊन पाहिलं. वाळू ओली होती, टायरचे ताजे ठसे होते. कामगार वस्तीचा मैला वाहणारे टँकर त्याच वाटेने जात. मैला लांबच्या केंद्रावर नेऊन रिकामा करायचा असा नियम होता.

टँकरच्या ठेकेदाराला सांगून त्या वाटेवरचे तिन्ही ड्रायव्हर बोलावले, एकेकाला आत घेतलं. तिघांनीही कानावर हात ठेवले. ठाण्यात संशयिताला आधी पाणी द्यायची माझी जुनी पद्धत. घसा ओला झाला की माणूस बोलतो. पाणी बाटलीतलंच होतं, पण मी प्रत्येकाला म्हणालो, "आपल्या विहिरीचं आहे, ताजं." पोलिसी थाप म्हणा हवं तर. दोघांनी घटाघटा संपवलं. तिसरा रत्नागिरीकडचा. ओठ सुकलेले, ग्लास हातात, पण तोंडाला लावेना.

"रोजा आहे का रे?"

"नाही साहेब."

"मग पी मुकाट्याने."

त्याने ग्लास खाली ठेवला. "साहेब, तुम्हीपण नका पिऊ." आणि रडायला लागला. "तिकडे लाईन लांब असते. सुपरवायझर यल्ला यल्ला करत घाई लावतो. वाटलं, वाळू पिऊन टाकेल, खलास."

"गावी विहीर आहे?"

"आहे ना साहेब. आमची अम्मी चपला काढून जाते विहिरीवर."

मला पुढे विचारवेना. माझ्या परसातली विहीर डोळ्यांसमोर आली. त्या गार, गोड पाण्यासाठी मी तिथे अक्षरशः झुरत होतो. जबाब लिहून घेतला, अहवाल नगरपालिकेकडे गेला. टँकर थांबले, तो ड्रायव्हर गावी परत गेला. विहीर मात्र मी असेपर्यंत बंदच राहिली.

काही वर्षांनी मीही कायमचा घरी आलो. बॅग ओटीवर टाकली आणि बायकोला म्हणालो, "आधी विहिरीचं पाणी दे."

"थांबा, उकळलेलं देते."

"अगं, विहिरीचं मागतोय मी. इतकी वर्षं वाट पाहिली त्याची."

ती माझ्याकडे बघेना. मी परसात गेलो. नव्या संडासाचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला, जेमतेम बारा पावलांवर. जागा मीच ठरवली होती, अल ऐनहून फोनवर. माती शोषून घेईल, असंच म्हणालो होतो.

जमिनीखाली गेलेलं संपत नाही, एवढं त्या केसने मला शिकवलं होतं, पण ते मी फक्त दुसऱ्याच्या विहिरीसाठी शिकलो. बायको मागून ग्लास घेऊन आली. पाणी उकळलेलं होतं, तरी मला ते तोंडाला लावता येईना.