मिश्रणाचा विधी

हिंदीत ‘विधि’ म्हणजे रीत. आमच्या मराठीत विधी म्हणजे मुंज, बारसं, तेरावं असलं काहीतरी, ज्याला भटजी लागतो अन् ज्यात कोणी कुठं बसायचं ते आधीच ठरलेलं असतं. बालाघाटच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ‘मिश्रण-विधि’ नावाचा प्रयोग निघाला तेव्हा मी मराठी अर्थ घेतला अन् मनातल्या मनात हसलो. वर्ष संपेस्तोवर कळलं की माझाच अर्थ बरोबर होता.

प्रयोग साधा. पितळेचे तुकडे वाफेत तापवायचे, कॅलोरीमीटरमधल्या गार पाण्यात टाकायचे, ढवळायचं, अन् पाणी किती तापलं ते पाहायचं. कॅलोरीमीटर हे नाव मोठं. वस्तू म्हणजे तांब्याचं पेल्याएवढं भांडं, लाकडी पेटीत कापसात बसवलेलं. गरम वस्तूनं जेवढी उष्णता दिली तेवढी गार पाण्यानं घेतली, एवढंच त्यामागचं गणित. एका बाजूला देणारा, दुसऱ्या बाजूला घेणारा, मधे बरोबरचं चिन्ह. त्यावरून पितळेची विशिष्ट उष्णता काढायची. बीजगणित मला पहिल्यापासून आवडायचं, कारण त्या चिन्हाला दोन्ही बाजू सारख्याच.

आमच्या घरानं धम्म घेतला ते साल छप्पन्न. त्याच साली सरकारनं राज्यांची फेरवाटणी केली, नागपूर आमच्या हातून गेलं अन् भोपाळ आमची राजधानी झाली. घरात मराठी, पुस्तकात हिंदी अन् प्राध्यापकांच्या तोंडी इंग्रजीची खिचडी, असं आमचं शिक्षण. बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले अन् उंबऱ्यावर उभ्यानंच म्हणाले, “आजपासून कोणाच्या हातचं वरून टाकलेलं पाणी प्याचं नाई. तहान लागली त घरी या.” लामत्याकडच्या आमच्या गावात विहिरीवर आम्ही ओंजळ धरून खाली उभे राहायचो अन् वरून कोणीतरी पाणी टाकायचं. त्याची मर्जी होईल तेव्हा टाकायचं. बाबांनी ते गावच सोडलं अन् बालाघाटजवळ मँगनीजच्या खाणीत कामाला लागले.

मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा फॉर्मवर ‘बौद्ध’ लिहिलं. ऑफिसातला बाबू गोड हसून म्हणाला, “फिर तो रियायत नहीं मिलेगी भाई. अब तो आप लोगों की जात ही नहीं रही.” आमची जात गेली हे सरकारनं मान्य केलं, कॉलेजातल्या पाण्याच्या मटक्यानं नाही केलं. सवलत गेली, पुरी फी बाबांनी खाणीतल्या मजुरीतून भरली अन् मला समोर बसवून सांगितलं, “एक साल पाहातो. पास झाला त पुढं शिक. नापास झाला त माह्यासंगं खाणीत. मले दुसऱ्यांदा नाई झेपत.” मी हौ म्हटलं. बाबांची काळी पडलेली बोटं समोर होती, दुसरं काय म्हणणार.

आता प्रयोगशाळेचं सांगतो. खोली मोठी, खिडक्या लहान, अन् कोपऱ्यात तिपाईवर एक मटका. प्यायचं पाणी तेच अन् प्रयोगाचंही तेच. डेमॉन्स्ट्रेटर साहेब दाराजवळच्या खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. वर्षभरात त्यांनी एकही यंत्र हाती धरलेलं मी पाहिलं नाही. फिजिक्स त्यांना पाठ होतं. समजलं होतं असं म्हणायला माझ्याकडं पुरावा नाही. सगळ्या प्रश्नांना त्यांचं एकच उत्तर: “किताब में जो है वही आना चाहिए.” अन् खरंच, त्या खोलीत कधी दुसरं काही आलंच नाही. स्टॉपवॉच मधेच थांबायचं, तराजूचं एक वजन हरवलेलं होतं, तरी चाळीस पोरांचं उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळायचं.

माझा जोडीदार हट्टा गावाकडच्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा, पोरगा. अंगानं भरलेला, स्वभावानं वाईट म्हणता येणार नाही असा, अन् डोक्यानं... जाऊ द्या. पहिल्याच महिन्यात मी रिकामं भांडं घेऊन मटक्याकडं निघालो. मटक्याशी चपराशी बसलेला असायचा. तो उठून माझ्या अन् मटक्याच्या मधे उभा राहिला.  मी भांडं घेऊन परत फिरलो. आठवड्याच्या आत सगळ्या प्रयोगशाळेत माझ्या अक्षराची कीर्ती पसरली.

“तू लिव ना बे,” मालगुजाराचा पोरगा म्हणाला, “तुह्यं अक्षर मस्त हाय. सामानाचं मी पाहातो.”

“हाँ, तुम लिखो,” खुर्चीतून साहेब म्हणाले, “तुम्हारी राइटिंग अच्छी है.”

माझं अक्षर चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण एवढंही नव्हतं. माझ्या अक्षराचं कौतुक जेवढं त्या खोलीत झालं तेवढं पुढं जन्मात कुठं झालं नाही. ‘हात लावू नको’ हे वाक्य किती सभ्यपणानं बोलता येतं, ते मी तिथं शिकलो. गावातली माणसं निदान तोंडावर बोलायची.

तर मी लिहीत बसलो. हिंदी पुस्तकात निरीक्षणाला ‘प्रेक्षण’ म्हणतात. शब्द मला पटला. मी प्रेक्षकच होतो, तिकीट काढून आलेला. मालगुजाराचा पोरगा यंत्राशी खुडबूड करायचा, थर्मामीटर फोडायचा, आकडा वाचायला विसरायचा, अन् मग माझ्याकडं बघून म्हणायचा, “टाक ना काई बी.” मग मी उत्तरापासून उलटं गणित मांडून आकडे टाकायचो. पुस्तकातलं उत्तर घ्यायचं, समीकरण उलटं फिरवायचं, तापमान निघतं. दोन-तीन ठिकाणी दशांश इकडचा तिकडं करायचा म्हणजे खरं वाटतं. त्याच्या रेकॉर्डवर साहेब ‘उत्तम’ लिहायचे. बीजगणिताचा एवढा उपयोग मला पुढं कोणी शिकवला नाही.

प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी एक मथळा असायचा: ‘त्रुटि के स्रोत’. म्हणजे उत्तर चुकलं तर चूक कुठून आली ते लिहायचं. उत्तर कधी चुकतच नव्हतं, तरी लिहायचं. सगळ्यांचं एकच वाक्य होतं: विकिरण से ऊष्मा की हानि. उष्णता आपोआप कुठंतरी निघून गेली, कोणाचा दोष नाही. किती सोयीचं. मी ते वाक्य वर्षभर दोघांच्याही रेकॉर्डमध्ये वळणदार अक्षरात लिहिलं.

प्रॅक्टिकलची परीक्षा आली. जबलपूरहून परीक्षक आले. थिअरी अन् प्रॅक्टिकल दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागायचं. परीक्षेत जोडीदार नसतो, ज्याचं त्यानं करायचं. चिठ्ठी उचलली तर मिश्रण-विधी निघाला. मला भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं. वर्षभर दुरून पाहिलेलं सगळं आता माझ्या हातात येणार होतं.

भांडं पेटीतून काढलं, कोरडं करून तोललं. मग ते घेऊन मटक्याकडं गेलो. चपराशी उठला.

“थांबा तिथंच,” तो म्हणाला, “मी देतो.”

“मी घेतो ना.”

“साहेबांनी सांगितलं हाय. तिथंच धरा.”

मी खुर्चीकडं पाहिलं. साहेब खिडकीबाहेर पाहत होते. खिडकीबाहेर भिंत होती. त्या चपराशानं लांब दांड्याचं ओगराळं मटक्यात बुडवलं, हात वर केला अन् पाणी टाकलं. मी दोन्ही हातांत भांडं धरून खाली उभा. काही पाणी आत पडलं, काही काठावर आपटून बाहेर, काही मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. लामत्याकडच्या विहिरीवर मी असाच उभा राहायचो. मध्ये फक्त बी.एस्सी.चं पहिलं वर्ष आलं होतं.

 मी भांडं तसंच तराजूवर ठेवलं. बाहेरून पुसायचं मला सुचलंच नाही, अन् पुसायला आधी कधी कोणी भांडं हाती दिलं होतं म्हणून सवय असणार. पितळ तापवलं, टाकलं, ढवळलं, थर्मामीटर वाचलं. गणित मांडलं तर उत्तर पुस्तकातल्या आकड्यापेक्षा चांगलंच वर. एका नजरेत कळलं काय झालं ते. थेंब होते भांड्याच्या बाहेर अन् तराजूनं ते आतल्या पाण्यात धरले. तराजू बिचारा, त्याला आतले कोण अन् बाहेरचे कोण ते कळत नाही.

उलटं गणित मांडून आकडा जुळवायला मला पाच मिनिटं लागली नसती. अख्ख्या वर्गात त्या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. पेन उचललाही होता. समोर खाण दिसत होती, बाबांची बोटं दिसत होती. पण मनगट अजून ओलं होतं अन् मला असा संताप आला होता की डोळ्यांपुढं अक्षरं हलत होती. मी आकडा होता तसा ठेवला. अन् ‘त्रुटि के स्रोत’ या मथळ्याखाली, उत्तम अक्षरात, हिंदीत लिहिलं: जल ऊपर से डाला गया, जिससे कुछ बूँदें पात्र के बाहर लगी रहीं.

परीक्षक चहा पीत माझा पेपर वाचत होते. त्या ओळीवर थांबले.

“ऊपर से क्यों डलवाया? मटके के पास जाकर ले लेते.”

“पास नहीं जा सकता, सर.”

“क्यों?”

मी मटक्याकडं पाहिलं, मग डेमॉन्स्ट्रेटर साहेबांकडं. साहेब बुटाची लेस बांधायला वाकले. परीक्षक शहाणे होते, शिकलेले होते. त्यांना सगळं कळलं, अन् कळल्याबरोबर त्यांचा चेहरा असा झाला की जणू मीच काहीतरी घाण टेबलावर आणून ठेवली. कप बशीत ठेवून हळू आवाजात म्हणाले, “देखो, इसे काट दो. विकिरण लिख दो. बाकी मैं देख लूँगा.” अन् स्वतःचा पेन माझ्यापुढं सरकवला.

म्हणजे पास. एक ओळ खोडली की पास. मालगुजाराच्या पोरानं तिकडून मान हलवून खूण केली, खोड म्हणून. तो मनापासून सांगत होता, त्याला माझं भलंच हवं होतं.

“सर,” मी म्हटलं, “मेरी राइटिंग अच्छी है. मैं काट-छाँट नहीं करता.”

निकाल लागला. थिअरीत मी वर्गात दुसरा, प्रॅक्टिकलमध्ये नापास. मालगुजाराच्या पोराला प्रॅक्टिकलमध्ये भरघोस मार्क. त्यातले रेकॉर्डचे सगळेच्या सगळे मिळाले, अन् ते रेकॉर्ड माझ्या अक्षरातलं होतं.

बाबा पाळीवरून आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. मी सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला नाही, पण चावायचे थांबले.

“काहून?”

मी सगळं सांगितलं. प्रयोग सांगितला, मटका सांगितला, परीक्षकाचा पेन सांगितला. बाबांना विशिष्ट उष्णता कळली नसावी. त्यांनी एकच विचारलं.

“तू वरून घेतलं?”

“प्याले नाई बाबा, प्रयोगाले घेतलं.”

“पर वरून घेतलं.”

मी मान खाली घातली. आई चुलीपुढून हलली नाही. आता ते उद्यापासून खाणीत चल म्हणतील, असं धरून मी बसलो होतो. त्यांनी जेवण संपवलं, ताटात हात धुतले, अन् उठता उठता म्हणाले, “खाण कुठी पळून नाई चालली. पुन्हा जा. औंदा पाणी तुह्या हातानं घेजो.”

दुसऱ्यांदा झेपत नाही म्हणाले होते. कसं झेपवलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पुढच्या साली, पुन्हा त्याच वर्गात, पहिल्याच दिवशी मी भांडं घेऊन मटक्यापाशी गेलो. चपराशी मधे उभा राहिला. मी त्याला वळसा घातला अन् ओगराळं बाजूला सारून भांडंच मटक्यात बुडवलं, मनगटापर्यंत.  पाणी गार होतं. बाकी काही झालं नाही.